वर्दी सरकारची, बोट माहं

मेलेल्या जवानाचा फोटो दुकानात आला की पहिलं काम ठरलेलं. त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात काढायचा. ही पोरं एकटी फोटो काढतच नाहीत. लग्नात, मेसमध्ये, नाल्यावर आंघोळ करताना, कोणाचा ना कोणाचा हात खांद्यावर असतोच. आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर घरच्यांना पोरगा एकटा, ताठ उभा पाहिजे असतो. मग मी तो हात पुसते, आणि पुसलेल्या जागी शेजारचा खांदा ओढून भरते. नीट जमलं तर इथे आणखी कोणी होतं हे कोणाला कळत नाही.

भिलाईच्या सिविक सेंटरला फ्लेक्स छापायचं एक दुकान आहे, तिथे मी डिझायनर आहे. आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'नोकरीतल्या गमतीजमती' लिहून दे, असं संपादक काका म्हणाले. काका, गंमत एकच आहे, ती आधी सांगून टाकते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वरच्या ओळीत नेत्यांची तोंडं असतात. एकदा एका वॉर्डाच्या नेत्याचा माणूस टेप घेऊन आला, स्क्रीनवर टेप लावून म्हणाला, "मॅडम, अपने भैया का फेस छोटा आ रहा है." मी विचारलं, "मरा कौन है?" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "नीचे वाला." मग म्हणाला, "फिर भी."

संपली गंमत. आता बाकीचं.

कॉलेजात असल्यापासून आम्ही सात-आठजण युद्धाविरुद्ध पत्रकं काढतो. बस्तरात जे चाललंय, चाललं होतं, संपलं म्हणतात, त्याला आम्ही युद्धच म्हणतो. एकीकडे फोर्स, दुसरीकडे जंगलातले बंदूकवाले, ज्यांना इकडे 'अंदरवाले' म्हणतात. दोन्हीकडचे पुढारी म्हातारे होतात आणि दोन्हीकडून मरतात ती विशीतली पोरं. हे वाक्य आमच्या पहिल्या पत्रकाचं. ते छापायला मी या दुकानात गेले, तिथल्या स्क्रीनवरच्या चुका काढत बसले, आणि मालक देवांगन भैया वैतागून म्हणाले, "इतना आता है तो तू ही बैठ." बसले. बाबा म्हणाले, "स्टील प्लांटमध्ये अप्रेंटिस लागली असतीस, तर हे मेलेल्यांचे फोटो कावून सजवून राहिली असतीस?"

धंदा थोडक्यात सांगते. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकचं कापड. मोठ्या मशीनवर त्याचा रोल चढवतात, शाईला असा वास असतो की संध्याकाळी जेवणालाही तोच येतो. छापून झालं की कडेने रिंगा ठोकायच्या. चौकात बांधणारा माणूस वर चढला की कटरने फ्लेक्सला जागोजागी अर्धगोल चिरा देतो, म्हणजे वारा आरपार जातो आणि फ्लेक्स फाटत नाही. चिरा कुठे द्यायच्या ते तो बघत नाही. छातीवर देतो, गळ्यावर देतो. उन्हाळ्यात, भर दुपारी, प्लांट कॉलनीच्या सेक्टरचे रस्ते ओस पडलेले असताना त्या चिरांमधून वारा निघतो तो आवाज एकदा ऐका. अख्खं माणूस पोट फुगवून श्वास घेतं आणि सोडतं.

आणखी एक. उन्हाने पिवळी आणि लाल शाई आधी उडते, निळी मागे राहते. दोन-चार महिन्यांत चौकातला प्रत्येक जवान निळा पडतो. आधी ओठ.

अंदरवाल्यांकडच्या मेलेल्यांना चौक नसतो. तरी एकदा एक बाप आला होता, बस्तरातला, इकडे ठेकेदाराकडे माती टाकायच्या कामावर. त्याची मुलगी शाळेच्या वयात अंदर गेली होती, का नेली होती, ते त्यालाही नीट सांगता येईना. तिचा एकच फोटो जगात होता. मेल्यावर काढलेला, कोणाच्या तरी मोबाइलवरून फिरत त्याच्याकडे आलेला. तो म्हणाला, "आँख खोल दो." एवढंच. पासपोर्ट साइज.

मिटलेले डोळे उघडत नाहीत, दुसऱ्याचे आणून लावावे लागतात. मी त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या डोळ्यांचा फोटो काढला, सुरकुत्या पुसल्या आणि तिला लावले. प्रिंट हातात घेऊन तो खूप वेळ बघत राहिला. ती त्याच्याकडे त्याच्याच डोळ्यांनी बघत होती. मग त्याने ते खिशात घातलं आणि जाताना मला नमस्कार केला. भैया म्हणाले, "ये सब काम दुकान में मत कर." मी म्हटलं, दुकानात नाही तर कुठे करू?

आता धडाचं.

जवान मेला की घरून फोटो येतो तो सेल्फी. नाहीतर आधार कार्डावरचा. वर्दीतला, पूर्ण उभा, स्वच्छ उजेडातला फोटो कोणाकडेच नसतो, आणि पाहिजे असतो उद्या सकाळी, अंत्ययात्रेच्या आधी. म्हणून दुकानात एक वर्दीतलं शरीर तयार ठेवलेलं असतं, मानेपासून खाली, बूट धरून. वर ज्याचं त्याचं तोंड बसवायचं. आमच्या कॉम्प्युटरवर त्या फाइलचं नावच 'धड' होतं. माझ्या आधीच्या डिझायनरने ठेवलेलं. सावधान नाही, जरा विश्रामात, दोन्ही हात पुढे बेल्टवर. उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. मूठ मिटलेली, ती तेवढी मिटत नाही. मी त्या धडावर इतकी डोकी बसवली की ती करंगळी मला माझ्या घरच्या माणसासारखी पाठ झाली. कोणाची आहे, हे मी कधी विचारलं नाही. दुकानात कोणीच विचारत नाही. धड ते धड.

मग पद्मनाभपुरचा हेमंत गेला. सुरुंगावर पाय पडून. त्याची बायको फ्लेक्स बघायला आली, सोबत मुलगी, परी, पहिली-दुसरीतली असेल. बायको स्क्रीनकडे बघून नुसती मान हलवत होती. परी खुर्चीवर चढून जवळ गेली आणि म्हणाली, "ये पापा के हाथ नहीं हैं."

आई म्हणाली, "चुप."

"नहीं हैं. पापा की उँगली ऐसी नहीं थी."

आईने तिला ओढून बाहेर नेलं. भैया मला म्हणाले, "छाप दे. बच्ची है." छापला. एक पद्मनाभपुरात लागला, एक दुर्ग स्टेशनच्या रस्त्यावर, एक मोहन नगरच्या नुक्कडवर.

मोहन नगरचा लागल्यावर कापगते काकू आल्या. त्या मला तोवर माहीत नव्हत्या. गोंदियाकडच्या, नवरा प्लांटमधून रिटायर झाल्यावर सेक्टरचं क्वार्टर सोडून मोहन नगरात घर बांधलेल्या. घाम पुसत आत आल्या, मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हा फोटो तुमीच बनवला का वो?"

हेमंतचा फ्लेक्स. "हो काकू. ओळखीचे होते का?"

"तोंड नाही ओळखत. बाकीचा माहा पोरगा हाय."

भैया हसले. "माताजी, वर्दी में तो सब एक जैसे दिखते हैं."

"तुमाले दिसत असन. मी न्हाऊ घातलं त्याले." काकूंनी स्क्रीन बोटांनी मोठी केली. "हे करंगळी पाह्य. बिहीच्या झाडावरून पडला होता लहानपणी, वाकडीच बसली. भरतीच्या मेडिकलले डॉक्टर या बोटावर थांबला होता. मंग म्हणला, चलेगा. तवा मी देवाले हात जोडले, पोरी. आता वाटते, नाही म्हणला असता तर."

त्यांचा मुलगा भूषण ट्रेनिंग संपवून आला तेव्हा याच दुकानातून फोटोची फ्रेम करून घेतली होती. कोरी वर्दी, चांगला उजेड. ते धड तिथून आलं होतं. भूषण जिवंत होता. बस्तरात, जिथे मोबाइलला टावर नाही तिथे.

"जित्या माणसाच्या फोटोले आपल्यात हार घालतेत का कोणी? तू मराठी हायस ना? सांग."

"नाही घालत काकू."

"मंग? रोज सकाळी दुधाले जातो, तं नुक्कडवर माहा पोरगा उभा. वर दुसऱ्याचं डोस्कं. बाया येतेत, पायापाशी फुलं ठेवतेत. मी कोणाले सांगू, बाई, उचल थे फूल, हा जिता हाय?"

मला राग आला. मला तो लवकर येतो. मी भैयांसमोर 'धड' उडवून टाकलं, जपून ठेवलेली कॉपीसुद्धा. भैया ओरडले, "कल का ऑर्डर किस पे बैठाएगी? तेरे पे?" पुढच्या वेळी त्यांनी इंटरनेटवरून एक धड काढलं, इतक्या रुंद खांद्यांचं की गेलेल्या पोराचा भाऊ बघून म्हणाला, "हमारा भैया तो अस्सी किलो का लग रहा है. कभी नहीं था." बॅजही कुठल्या देशाचा होता देव जाणे. पण ते भूषणचं नव्हतं. मला वाटलं, जिंकले. पत्रकं काढणाऱ्या माणसाला जिंकायची सवय नसते, त्यामुळे त्याला ते लवकर वाटतं.

चौकातले जुने फ्लेक्स राहिलेच होते. वाढदिवसाचा फ्लेक्स कोणीही फाडून गोठ्यावर टाकतो. शहिदाचा कोणी काढत नाही. काकूंनी नुक्कडवरच्या पोरांना विनवून पाहिलं, पोरं म्हणाली, "आंटी, शहीद का अपमान हो जाएगा." जिवंत पोराच्या मानाचं काय, याला आपल्या देशात शब्द नाही.

मी काकूंना म्हटलं, "फ्लेक्स काढता येणार नाही. धडावर काही चिकटवलं तर चालेल?"

काकू विचार करून म्हणाल्या, "बोटावर लाव. बाकी वर्दी सरकारची हाय, बोट माहं. बोट गेलं का थो माहा नाही."

स्टिकरच्या कागदावर सरळ करंगळी छापायची होती. दुसऱ्या कोणाची घ्यायची? मी माझ्या उजव्या हाताचा फोटो काढला, नख लहान केलं, रंग रापलेला केला. मे महिन्याच्या दुपारी, लू सुटलेली असताना, काकूंनी शिडी धरली आणि मी चढले. मोहन नगर, स्टेशन रोड, मग जुने, पार निळे पडलेले. जवळून बघितलं की फ्लेक्सवरचं माणूस माणूस राहत नाही, ठिपके होतात. फक्त चिरांमधून वारा माझ्या गळ्यावर यायचा, गरम, थांबून थांबून. एकदा एका पानठेलेवाल्याने खालून विचारलं, "क्या कर रही हो मैडम?" काकू मला बोलू न देता म्हणाल्या, "मरम्मत." तो म्हणाला, "अच्छा अच्छा," आणि आम्हाला पाणी दिलं.

आता त्या सगळ्यांच्या हाताला माझी करंगळी आहे. रात्री झोपताना ते बोट मी दुसऱ्या मुठीत धरते, एवढंच सांगते. पुढे जाऊ.

पावसाळ्याआधी एक तरुण दुकानात आला. साधा टीशर्ट. काउंटरवर हात ठेवले. उजवी करंगळी बाहेर. मी हात बघितले, मनगटं बघितली, खांद्यांचा उतार बघितला. सगळं मला पाठ होतं, कित्येकदा माउस फिरवलेलं. मग वर बघितलं आणि तिथे एक तोंड होतं, जे मी कधी पाहिलं नव्हतं. फाइलमध्ये ते कापलेलंच होतं ना. सवयीने माझी नजर आधी मानेवर गेली. जोड दिसतो का ते बघायला.

"दीदी, मी भूषण कापगते. आई म्हणे तुमीच माहं बोट सरळ केलं."

"बस," मी म्हटलं.

तो बसला. चहा आला. तो हळूहळू बोलत होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्यांच्या कॅम्पमध्ये त्याच्या धडाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. टावर नसला तरी सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या मोबाइलमधून चौकातले फ्लेक्स कॅम्पात पोहोचायचे. पोरं ओळखायची. "सब मजाक करते थे दीदी. अंडं माह्या ताटात जास्तीचं टाकत. म्हणत, कापगते, अपनी बॉडी संभाल के रख, हमको लगेगी."

मी हसले नाही. तो हसला.

"मंग थे मजाक नाही राहिलं. गस्तीवर निघतो तवा पुढे चालायचा नंबर लागते. पुढच्याच्या पायाखाली काय हाय, कोणाले माहीत. माहा नंबर आला का कोणीतरी मले मागे ढकले. म्हणे, तू गेला तर आपले फोटो कशावर बसतीन? हसत हसतच. पण ढकलत. त्या दिवशी माहा नंबर होता."

"कोणी ढकललं?"

"हेमंतने."

दुकानात मशीन चालू होतं. कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता, इंच इंच, आधी केस, मग कपाळ.

"आणि मी फाइल उडवली," मी म्हटलं.

"हो. कळलं पोराइले. नवीनवाल्या फ्लेक्सवर दुसरीच बॉडी दिसली ना. आता कोणी नाही ढकलत. नंबर आला का मी पुढे." त्याने चहा संपवला. "अच्छा हुआ दीदी. खरंच. मले झोप येते आता."

"परत टाकते," मी म्हटलं. "कुठेतरी असेल. तुझ्या फ्रेमवरून पुन्हा काढते. आज टाकते."

"नका टाकू."

"तुझी आई..."

"आईले नाही सांगायचं." हे तो वर्दीतल्या माणसासारखा बोलला. मग पुन्हा मोहन नगरचा मुलगा होऊन म्हणाला, "थे शिडी धरून उभी राह्यली ना उन्हात. तिले वाटते तिनं मले वाचवलं. राहू द्या."

मी त्याला बरंच सुनावलं. ही कसली फौज, जिथे विशीतली पोरं कोण आधी मरायचं ते फोटोवरून ठरवतात. हे त्यांच्यावर आणलं कोणी, आणणाऱ्यांपैकी एकाचंही पोरगं त्या रांगेत आहे का. आमच्या पत्रकातलं सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाइल काढला.

"मी दुसऱ्या कामाले आलो होतो."

फोटोत दोघं होते, बनियनवर, कॅम्पातल्या हातपंपाजवळ. भूषण आणि हेमंत. हेमंत हसताना हलल्यामुळे त्याचं तोंड पार पुसट आलेलं, पण त्याचा हात भूषणच्या खांद्यावर स्वच्छ आला होता. पाची बोटं. अंगठ्याच्या नखाला चुना लागलेला.

"छोकरी म्हणाली होती म्हणे, ये पापा के हाथ नहीं हैं. तिच्या आईनं सांगितलं. हा हाय. हा मोठा करून द्या तिले."

माझं काम हात पुसायचं. पहिल्यांदा मी हात ठेवला आणि बाकीचं पुसलं. खांदा मात्र ठेवावा लागला. हात हवेत राहत नाही. फ्रेम करून पद्मनाभपुरला मीच घेऊन गेले. परीने ती जमिनीवर आडवी ठेवली, काचेवर स्वतःचा हात ठेवला, बोटावर बोट. मग विचारलं, "नीचे कंधा किसका है?"

"एक चाचा का है," मी म्हटलं. "ज़िंदा है." गरजेपेक्षा मोठ्याने म्हटलं असावं, कारण तिची आई आतून बाहेर आली.

भूषण सुट्टी संपवून परत गेला.

ते धड मात्र आमच्या दुकानातून केव्हाच बाहेर पडलं होतं. एक डिझायनर दुसऱ्याच्या फ्लेक्सचा फोटो काढतो, डोकं कापतो, आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतो, असाच हा धंदा चालतो. आता कुठल्याही गावच्या नाक्यावर ते उभं असतं. काकूंचे नातेवाईक बसमधून जाताना बघतात आणि फोन करतात. मग काकूंचा मला फोन येतो, "पोरी, एक दिसला म्हणे." माझ्या पर्समध्ये सरळ करंगळीचे स्टिकर कायम असतात. आम्ही बसने जातो. शिडी तिथल्या कोणाकडून मागून घेतो.

काकूंना मी काहीच सांगितलेलं नाही. त्या शिडी घट्ट धरतात, वाटेत मला डब्यातली पोळी-भाजी खाऊ घालतात, आणि म्हणतात, तुह्यामुळे माहा पोरगा मेलेल्याइतून सुटला.

पण एक गोष्ट त्या पहिल्या दिवसापासून करतात. फ्लेक्सजवळ पोहोचलो की त्या मान खाली घालतात. आधी पायातले बूट बघतात, मग हळूहळू वर, बेल्ट, हात, करंगळी. तिथे थांबतात. त्याच्या वर बघत नाहीत. पदर तोंडाला लावून मला म्हणतात, "तोंड तू पाह्य. कोणाचं हाय?"

मी वर बघते. वारा चिरांमधून ये-जा करत असतो.

"दुसऱ्याचं आहे, काकू," मी म्हणते.

आत्तापर्यंत दरवेळी ते खरं होतं.